मागच्या डाव्या दाराचं हँडल

रात्रीची गोष्ट असती तर मी स्वतःच विश्वास ठेवला नसता.

पण ती दुपार होती. रविवारची, अडीच वाजताची. आमच्या बिल्डिंगच्या मागे पत्र्याची एक शेड आहे, तिथे आम्ही गाडी लावतो. त्या शेडमध्ये मी होते आणि माझा मोठा भाऊ होता. यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. उलट एकदोन गोष्टी गाळल्यात, कारण त्या लिहायला बसले की हात थांबतो.

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. हे आधीच सांगते, कारण पुढे हातमोज्यांचा विषय येणार आहे.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर लोकांच्या लिफ्ट, आणि घरी आला की आपली गाडी. गाडी जुनी, आमच्याकडे यायच्या आधी तीन हात फिरून आलेली. ती घेतली आईसाठी. आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, आणि ते झाल्यावर तिला रिक्षाचे धक्के सोसत नाहीत.

गाडी आल्यापासून दादाला दुसरं काही सुचत नव्हतं. मागे बघायचा कॅमेरा बसवला. आतले दिवे बदलले. आवाज कमी यावा म्हणून दारांच्या आत जाड शीट चिकटवल्या. एका बटणावर चारही दारं लॉक होतील असं किट आणून स्वतः जोडलं.

"आता गिझर तेवढा बसव," आई म्हणायची. "आंघोळ गाडीतच करू."

सगळं ठीक चाललं होतं.

मग एका सोमवारी आईचं बोट कापलं.

गाडीच्या आतली हँडलं लोखंडी होती, वर चकचकीत मुलामा. तो जुना होऊन पोपडे सुटले होते, आणि सुटलेल्या मुलाम्याची कड ब्लेडसारखी असते. आईने दार उघडायला हात घातला आणि बोटातून धार लागली. डायलिसिसमध्ये रक्त पातळ करायचं औषध देतात. साधी चीर, पण रक्त थांबायला चाळीस मिनिटं लागली. दादा पूर्ण वेळ तिचं बोट दाबून बसला होता.

त्याच आठवड्यात रविवारी त्याने चारही हँडलं खोलून काढली.

"नवीन मिळत नाहीत," तो म्हणाला. "घरीच निकेल चढवतो. अवघड नाहीये काही."

खरंच अवघड नव्हतं. हँडल पॉलिश पेपरने घासून, साबणाने धुऊन कोरडं करायचं. प्लॅस्टिकच्या डब्यात निकेलचं हिरवं पाणी. त्यात एका बाजूला निकेलची पट्टी, दुसऱ्या बाजूला तांब्याच्या तारेला टांगलेलं हँडल. मग वीज सोडायची. अर्ध्या पाऊण तासात हँडल चकचकीत.

वीज कुठून, तर गाडीचीच बॅटरी. दादाने ती काढून खाली फरशीवर ठेवली होती, आणि करंट जास्त जाऊ नये म्हणून मधे गाडीचा एक जुना दिवा जोडला होता. काम चालू असलं की दिवा मंद पेटायचा.

बॅटरी गाडीत नव्हती. हे लक्षात ठेवा.

पहिली तीन हँडलं अशी निघाली की दादा स्वतःवरच खूश झाला. चौथं, मागच्या डाव्या दाराचं, बाहेर काढलं आणि तो थांबला.

आतल्या बाजूला, जिथे बोटं अडकवून आपण ओढतो तिथे... चार ठिपके कोरेच होते. निकेल धरलाच नव्हता.

"तेलकट हात लागला असणार," मी म्हणाले. "धातूला बोट लागलं की तेवढ्या जागी चढत नाही, तूच सांगितलंस ना?"

"मी नाही लावला हात."

"मग मी करते. बघ कसं करतात ते."

मी लॅबमधून आणलेले नवे हातमोजे चढवले. हँडल पुन्हा घासलं. दोनदा धुतलं, स्पिरिटने पुसलं. चिमट्याने धरून तारेला अडकवलं. नख लागायचाही प्रश्न नव्हता.

पाऊण तासाने काढलं.

पुन्हा तेच चार ठिपके.

आणि या वेळी पुढच्या बाजूला पाचवा. रुंद...

अंगठ्याचा.

दादाने वाकून ते निरखून बघितलं. उन्हाने पत्रा तडतडत होता, तेवढाच आवाज. मग तो म्हणाला, "परत लाव. या वेळी बघत बसू."

आम्ही डब्याच्या दोन बाजूंना उकिडवे बसलो. काम सुरू झालं की हँडलवर बारीक बुडबुडे येतात. सोड्याच्या ग्लासात येतात तसे. सगळीकडे सारखे.

इथे सगळीकडे येत होते...

फक्त त्या पाच जागा सोडून.

बुडबुडे त्या जागांपाशी यायचे आणि वळसा घालून वर जायचे. पाण्यात काहीच नव्हतं. हिरवं, स्वच्छ पाणी. पण बुडबुडे काहीतरी असल्यासारखे बाजूने जात होते.

"दादा, तार बघ," मी म्हणाले.

पातळ तारेला टांगलेली वस्तू थोडी तरी हलते. आधीची तिन्ही हलत होती. हे हँडल ताठ होतं. तार खाली ओढल्यासारखी ताणली होती.

तेवढ्यात मागे आवाज झाला.

खट्.

गाडीच्या लॉकचा आवाज. तो मला ओळखू येतो, दादाने ते किट बसवलं तेव्हा दिवसभर वाजवून दाखवलं होतं.

दोघांनी एकदमच वळून बघितलं. मागच्या डाव्या दाराचं बटण खाली गेलेलं होतं.

बॅटरी आमच्या पायाशी होती. दिवा मंद पेटलेला होता.

"स्प्रिंग असेल," दादा म्हणाला.

"हो. असेल," मी म्हणाले.

दोघांनाही ठाऊक होतं की नसेल.

मी म्हणाले, हे हँडल टाकून दे, दार बाहेरून उघडू. पण तो हट्टाला पेटला. "आईच्या हाताला कापणार तर नाही ना? मग झालं." त्याने कडा घासून गुळगुळीत केल्या आणि ते पाच ठिपक्यांचं हँडल बसवून टाकलं.

सोमवारी आई नेहमीसारखी मागे डावीकडे बसली. मी पुढे. हॉस्पिटलपाशी पोचलो तेव्हा तिने दार उघडायला हात घातला आणि लगेच काढून घेतला.

"कापलं का?" दादाने विचारलं.

"नाही रे. गरम आहे."

"उन्हाचं असेल."

"उन्हाचं नाही," आई म्हणाली. "बसमधला दांडा कसा असतो, आत्ताच कोणी सोडलेला... तसं आहे."

दादाने आरशातून माझ्याकडे बघितलं. आईला आम्ही रविवारचं काही सांगितलेलं नव्हतं.

बुधवारी ती न सांगता उजवीकडे सरकून बसली. पर्स मांडीवर, पदर आवरून घेतलेला. शेजारची जागा रिकामी.

"ऐसपैस बस की," मी म्हणाले.

"बरं आहे असंच," ती म्हणाली.

परत आलो तेव्हा दीड वाजला होता. डायलिसिस करून आलेलं माणूस म्हणजे पिळून काढलेलं फडकं असतं. तिला जिन्यापर्यंत चालायला वॉकर लागतो, तो जिन्याखाली ठेवलेला असतो. दादाने शेडमध्ये गाडी बंद केली आणि जिन्याकडचं दार उघडायला उतरला. मी वॉकर आणायला उतरले. दहा पावलांचं अंतर. किल्ली गाडीलाच होती.

खट्.

चारही दारं एकदम.

दादा धावत आला. पुढचं दार ओढलं. मागचं ओढलं. काचा पूर्ण वर. वर पत्रा, त्यावर दीड वाजताचं ऊन. मी इतका गोंधळलेला दादा आधी कधी बघितला नव्हता. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं हे त्याचं रोजचं काम. आणि इथे हत्यारांची पेटी डिकीत, डिकी बंद.

"आई, बटण वर कर! बटण!"

आई उजव्या दाराचं बटण वर करत होती. ते वर येत नव्हतं. तिचा चेहरा पांढरा पडत चालला होता. दादा दगड शोधायला शेडबाहेर पळाला.

मी डाव्या बाजूच्या काचेला डोकं टेकवून आत बघितलं. आईला हाक मारायची म्हणून.

आणि मला ते दिसलं.

आई उजवीकडे होती. तिचे दोन्ही हात उजवीकडे होते.

इकडे माझ्या नाकासमोर, रिकाम्या जागेशेजारी... हँडल हलत होतं.

मागे ओढलं जायचं. सुटायचं. पुन्हा ओढलं जायचं. आधी सावकाश. मग भराभर. खटखटखटखट... कोंडलेलं माणूस ओढतं तसं. जीव गोळा करून.

हाक मारायची होती हेच मी विसरले.

आईनेही ते बघितलं. ती घाबरेल असं मला वाटलं होतं. तिने एक क्षण त्या हँडलकडे बघितलं, मग सीटवरून हळूहळू डावीकडे सरकू लागली. दम खात, हाताने सीट धरत. सरकताना ती काहीतरी बोलत होती. काचेतून ऐकू आलं नाही, पण ओठांवरून मला कळलं. आम्ही लहानपणी तापात बरळायचो तेव्हा ती हेच म्हणायची.

हो रे, हो. थांब जरा.

तिने हँडलवर हात ठेवला.

खटखट थांबली.

तिने ओढलं. दार उघडलं.

अंगावरून वारा गेला वगैरे मी म्हणणार नाही. वारा नव्हता. पण मी दारातून एक पाऊल बाजूला झाले. कोणी उतरत असलं की आपण होतो तसं. का झाले, मला सांगता येणार नाही.

त्यानंतर मी आईला बाहेर ओढून घेतलं. दादा दगड घेऊन येऊन उभा होता. तो दगड त्याच्या हातात कितीतरी वेळ तसाच होता.

संध्याकाळी आईला बरं वाटल्यावर मी विचारलं, "तुला दिसलं का कोणी?"

"नाही गं. दिसलं नाही काही."

"मग?"

"मी हँडलवर हात ठेवला ना... तर हाताखाली हात होता." तिने तळवा उघडून बघितला. "घामेजलेला. थरथरत होता बिचारा."

दादाने ज्याच्याकडून गाडी घेतली त्या दलालाला फोन लावला. तो बराच वेळ टाळाटाळ करत राहिला. शेवटी म्हणाला की मागचं डावं दार या गाडीचं नव्हेच. भंगारातून आणून रंग मारून बसवलं होतं. कुठल्या गाडीचं, काय झालं होतं, त्याला ठाऊक नाही. भंगारवाल्यालाही नाही.

दादाने ते हँडल पुन्हा काढलं. पुन्हा घासून त्या पाण्यात टांगलं. मी गेले नाही बघायला. तासाभराने तो वर आला आणि ते माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

पूर्ण चढलं होतं. एकही ठिपका नाही. आरशासारखं.

"संपलं," दादा म्हणाला.

मलाही तसंच वाटलं असतं.

पण पुढच्या शुक्रवारी आईला घेऊन परत येत होतो. शेडमधून जिन्याकडे जायला ते लोखंडी दार आहे. त्याला जाड स्प्रिंग आहे, सोडलं की धाडकन आपटतं. वरच्या मजल्यावरचे लोक त्या आवाजाला कंटाळलेत. मी ते धरून उभी होते. आई वॉकर टेकत आत गेली. मी सोडणार, तोच ती म्हणाली, "धर जरा."

"कोणासाठी?"

"धर म्हणते ना. त्याला कळत नाहीये कुठे जायचं. इथेच उभा असतो."

मी धरून ठेवलं. पाच सेकंद. दहा. आईने मान हलवली तेव्हा सोडलं.

तेव्हापासून मी एकटी असले तरी ते दार एका माणसाला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ धरून ठेवते. दादा हसतो. हसू दे.

परवा लॅबमधून लवकर आले. दुपार होती. दोन्ही हातांत पिशव्या. घाईत खांद्याने दार ढकललं, आत शिरले आणि तसंच सोडून दिलं.

जिना चढायला लागले.

पाच पायऱ्या झाल्या. सात झाल्या...

दार आपटल्याचा आवाजच नाही.

मी थांबले. मागे वळायचा धीर होईना. खाली शेडमधला उजेड जिन्याच्या भिंतीवर पडला होता, म्हणजे दार अजून उघडंच होतं.

मग तो उजेड अरुंद होत गेला. सावकाश.

आणि दार मिटलं.

आपटलं नाही. हळूच लोटलं कोणीतरी. घरात आजारी माणूस झोपलं असलं की लोटतात, तसं.

हे मी दादाला सांगितलेलं नाही. आईला तर मुळीच नाही. ती विचारेल, मग तू काय केलंस? आणि मला ते सांगायची लाज वाटते.

मी पळाले. वर येऊन घराच्या दोन्ही कड्या लावल्या, आणि कितीतरी वेळ त्या कडीवरचा हात मला काढताच आला नाही.