दुसऱ्या दाराने गेलेली माणसं

आत्याचा आजार डाव्या स्तनात, मग गाठ उजव्या काखेत कशी? शाल्मलीला हे कोडं सुटेना. तारामतीआत्याने स्वतः तर ते सोडवायचं मनावरच घेतलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी बरा झालेला कर्करोग परतला, आणि तोही एवढ्या लांब पसरून, असं धरून कीर्तनकार आत्याने आपल्या चिपळ्या भाचीच्या हाती दिल्या होत्या. "आता तू सांभाळ गं बाई."

रुग्णालयात तपासणीला शोधन नावाचा यंत्रमानव होता. डॉक्टरांनी आत्याच्या डाव्या स्तनात चमकणारा, निरुपद्रवी रंग टोचला आणि शोधनने त्याची वाट हवेत चित्रासारखी उमटवली.

मग त्याने सावकाश समजावलं. शरीरात रक्ताखेरीज लसिका (पेशींभोवतीचं जादा पाणी गोळा करणारा पाझर) वाहते. तिच्या वाटेवर लसिकाग्रंथी (जंतू अडवणाऱ्या इवल्या चौक्या) असतात. स्तनातली लसिका बहुतेक त्याच बाजूच्या काखेत जाते. कर्करोगाच्या पेशी निसटल्या, की त्याही तीच वाट धरतात. पण आत्याच्या डाव्या काखेतल्या चौक्या मागच्या शस्त्रक्रियेत काढल्या होत्या.

चित्रातला रंग डावीकडे थबकला, वळला आणि छाती ओलांडून उजव्या काखेत शिरला.

"आपल्या रामाच्या देवळासारखं झालं," शाल्मली म्हणाली. "मंडपाचं डावं दार दुरुस्तीला बंद होतं, तेव्हा कीर्तनाची सगळी मंडळी उजव्या बोळातून निघाली. बोळातल्या काकूंना वाटलं, परगावचे लोक आले. होती आपलीच माणसं."

"हा दृष्टांत मला कुणी शिकवला नव्हता. ठेवून घेतो," शोधन म्हणाला.

फुफ्फुसं, यकृत, हाडं. सगळीकडे त्याने पाहिलं होतं. तिथे काही नव्हतं. "आत्याबाई, आजार दूरदेशी गेलेला नाही, शेजारीच आहे, फक्त दुसऱ्या दाराने आलाय. म्हणून डॉक्टर तो बरा करायच्याच तयारीने उपचार करणार आहेत. शस्त्रक्रिया, औषधं, किरणं. खात्री देत नाही मी, पण वाट आहे."

आत्या त्या उजळलेल्या चित्राकडे हात जोडून पाहत राहिली. देहात एवढ्या वाटा घालणारा तो नारायण थोर, आणि त्या शोधून काढणारी त्याची लेकरंही काही कमी नव्हेत.

कीर्तनात पूर्वरंग (उपदेशाचा पहिला भाग) संपला की कीर्तनकाराला हार घालतात. नवखे श्रोते तेवढ्यात सगळं आटोपलं समजून उठू लागतात. उत्तररंग (गोष्टीचा दुसरा भाग) तर पुढेच असतो. अशांना आत्या दरवेळी हसून खाली बसवायची.

"आज मीच उठून निघाले होते की गं," म्हणत तिने हात पुढे केला. "आण त्या चिपळ्या. उत्तररंग बाकी आहे."