केबिनचे दार

गारखेड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये रंगकामाला चांगला उजेड एकाच खोलीत येतो. शैलाने, माझ्या पत्नीने, तिथले शिवणयंत्र हलवून मला टेबल मांडू दिले, आणि ते ती अजून अधूनमधून ऐकवते. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो तेव्हा आमच्या मुलाने, चिन्मयने, मोटारीच्या लहान प्रतिकृतीचे एक किट पाठवले होते. प्लास्टिकच्या चौकटींना जोडलेले सुटे भाग असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. त्यात माणसांशी बोलावे लागत नाही, म्हणूनच बहुधा मला ते जमले.

माझी एक सवय होती. खऱ्या गाडीतले काहीतरी त्या लहान गाडीत घालायचे. खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांची जुनी मोटार केली तेव्हा तिच्या पायपुसण्याचे धागे आत अंथरले होते. कुणाला दिसत नाहीत. मला ठाऊक असतात, एवढेच.

समोरच्या बंगल्यातले नानासाहेब चैत्रात घरी आले. वाळूजच्या कारखान्यांचा माल त्यांच्या ट्रकांतून जातो. चिकलठाण्यात त्यांचे नवे ऑफिस होत होते आणि अक्षय्य तृतीयेच्या उद्घाटनाला काचेच्या पेटीत त्यांना आपला पहिला ट्रक हवा होता.

"पंत, तुमच्या खेळण्यांत आमची एक गाडी बसवा," ते म्हणाले. "पुस्तकं वाचून वाचून डोळे गेले नसतील तर."

त्यांनी फोटो दिला. नारिंगी केबिन, बंपरला लिंबू-मिरची, आणि दाराला टेकून हसणारा एक तरुण.

"हा आमचा धाकला भाऊ, गोकुळ. ही गाडी वाळूजला सोडून गेला पळून. बाईचं लफडं होतं. त्याला नका घेऊ यात."

"मी माणसे करत नाही," मी म्हणालो. मग सवयीने विचारले, "त्या गाडीचे काही उरले आहे का? एखादा तुकडा?"

"काय बी नाय उरलं," ते म्हणाले आणि उठले.

तसल्या ट्रकचे किट मिळत नाही. एका परदेशी ट्रकची चाके आणि सांगाडा घेतला, केबिन प्लास्टिकच्या पत्र्यातून नवी कापली. दार उघडझाप करणारे केले. बारीक बिजागरी बसवणे हे माझ्या थरथरत्या हाताला अवघड काम, म्हणून त्याचा थोडा अभिमानही वाटत होता.

पाणी येण्याच्या दिवशी शैला टाक्या भरण्यात गुंतली असताना आवडाबाई आल्या. त्या गोकुळच्या पत्नी. नवरा गेल्यापासून नानासाहेबांच्याच घरी राहतात, सगळ्यांचा स्वयंपाक करतात. कपाळावर ठसठशीत कुंकू. पदराआडून त्यांनी तपकिरी रेक्झिनची एक पिशवी काढली.

"काका, त्या गाडीच्या सीटचं हाये हे. सीट बदलली तवा मी पिशवी शिवली व्हती. तुमाला तुकडा पायजे असं नाना जेवताना हसून सांगत व्हते. कापा यातून. त्यांना सांगू नका फक्त."

मी कोपरा कापून घेतला. त्या टेबलावरच्या केबिनकडे पाहत राहिल्या.

"दार उघडतंय का याचं?"

"उघडते की." मी उघडून दाखवले.

"दोघा भावांचं वाटणीवरून लई वाजलं व्हतं त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "पळून जानारा मानूस भाकरी बांधून मागंल का, काका? लोक म्हणत्यात कुंकू पूस. नाना म्हणत्यात ऱ्हाऊ दे. मला निस्तं एवढं कळलं पायजे, हायेत का नायत."

मी दाराची बिजागरी कशी बसवली ते समजावून सांगत बसलो.

रेक्झिन मागून खरवडून पातळ केले आणि सीटवर ताणून बसवले. दुसऱ्या दिवशी केबिनच्या काचा आतून पांढुरक्या झाल्या होत्या.

हा नवशिक्याचा अपघात. सुपरग्लूची वाफ बंद जागेत कोंडली की पारदर्शक प्लास्टिकवर तिचा थर बसतो. पण काचा मी पांढऱ्या फेविकॉलने लावल्या होत्या, आणि त्याने तसे होत नाही. वय झाले, बाटली चुकली असेल, असे धरून मी काचा काढून नव्या बसवल्या.

त्याही धुरकटल्या. दुपारी पाहत बसलो तेव्हा ध्यानात आले की हा थर नव्हता. समोरच्या काचेवर एक लहान पांढरा ठिपका पसरायचा, विरायचा, पुन्हा पसरायचा. कूलरचा ओलावा असेल म्हणून कूलर बंद केला. चैत्र सरतानाचे ते कोरडे ऊन, खोलीत घसा सुकत होता. ठिपका पसरतच राहिला. मग त्यातून एक बारीक रेघ आडवी ओढली गेली, हाताने काच पुसावी तशी. मी बाहेरून कापूस फिरवला. रेघ आतल्या बाजूला होती.

मी दार उघडून आत पाहिले. सीट, स्टिअरिंग, गिअरची काडी. वास मात्र आला, डिझेलचा आणि कांदा-भाकरीचा.

शैलाला वास घ्यायला लावले. "रंगाच्या वासात बसून बसून दुसरं काय होणार तुमचं?" ती म्हणाली आणि खिडकी उघडून गेली.

आवडाबाईंना बोलवावे असे मनात आले. पण काय सांगणार होतो? म्हातारा चळला, असे झाले असते. उद्या सांगू, असे ठरवले. दुसऱ्या दिवशी नानासाहेबच आले.

शैलाने त्यांना पन्हे दिले. ते खुर्ची ओढून टेबलाशी बसले आणि वाकून ट्रक पाहू लागले. काच नेमकी तेव्हाच धुरकटली. त्यांनी करंगळीने दार उघडले आणि सीटवरून नख फिरवले.

"हे काय लावलंय?"

"जुने रेक्झिन आहे. घरातले."

"आवडाची पिशवी कापलेली दिसली मला." त्यांनी पन्ह्याचा घोट घेतला. "दार चिकटवून टाका, पंत."

"उघडणारे दार केले आहे मुद्दाम..."

"माझ्यासमोर चिकटवा."

माझ्या आयुष्यात मी कुणाला नाही म्हटलेले मला आठवत नाही. सुपरग्लूची बाटली उघडली. चौकटीला कडेने गोंद लावला, दार मिटले आणि अंगठ्याने दाबून धरले. धरावेच लागते, नाहीतर फट राहते.

आतून दाराला काहीतरी लागले.

हलकेच. नाडी लागावी तसे. माझ्याच अंगठ्याची नाडी असणार. या वयात रक्तदाब असतो.

पुन्हा लागले. मग भराभर.

"दाबून ठेवा," नानासाहेब म्हणाले.

काच पूर्ण पांढरी झाली होती. तिच्यावर आतून पाच बारीक ठिपके उमटले, घसरले, पुन्हा वर उमटले.

मी अंगठा उचलला नाही.

"जरा वेळ लागतो," ते म्हणाले. पेल्यातला गर त्यांनी बोटाने काढून चाटला. "मग थांबतं."

थांबले.

काच हळूहळू स्वच्छ झाली. आतली गिअरच्या काडीची नारिंगी मूठसुद्धा दिसू लागली.

"झकास काम," नानासाहेब म्हणाले.

उद्घाटनाला चिकलठाण्याच्या ऑफिसात बरीच मंडळी होती. काचेच्या पेटीचे झाकण काढून नानासाहेबांनी आवडाबाईंना बोलावले. "ये, ओवाळ. तुझ्याच मालकाची गाडी हाय." दोघे-तिघे हसले. हिरव्या साडीतल्या आवडाबाईंनी ट्रकला कुंकू लावले, निरांजन फिरवले, आणि ताट तसेच धरून समोरच्या काचेतून आत पाहत राहिल्या. मग त्यांनी एका नखाने दाराची फट चाचपली.

"काका, दार?" त्या हळूच म्हणाल्या.

"नाही उघडत," मी म्हणालो.

"कळलं."

त्यांनी पदराने कपाळ पुसले. उकाडा फार होता, घाम पुसला असे मी समजलो. पदर खाली आला तेव्हा कपाळावर कुंकू नव्हते. त्या नानासाहेबांकडे वळल्या आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहू लागल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मान वर केलेली मी तेव्हाच पाहिली. नानासाहेबांनीही ते पाहिले. त्यांनी पेढ्यांचा खोका माझ्यापुढे धरला.

पुढल्या आठवड्यात शैला गच्चीवरून कपडे घेऊन आली. "आवडाबाई माहेरी गेल्या म्हणे. चपला तर त्यांच्या जिन्याखालीच आहेत." तिने एक चादर झटकली आणि घडी घालू लागली.

मी माहेराचे गाव कोणते ते विचारले. तिला ठाऊक नव्हते.

त्याच दिवशी सकाळी नानासाहेब पुन्हा येऊन गेले होते. मी ते तिला सांगितले नाही. त्यांना आता एक जीप हवी होती, शेताकडे जायची त्यांची जुनी पांढरी जीप.

"घाई नाय. दिवाळीपर्यंत द्या," ते म्हणाले. "दार आधीसारखंच, चिकटवून."

मी काही मागितले नव्हते. त्यांनीच सदऱ्याच्या खिशातून कापडाचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. हिरवा, काठाशी हळदीचा डाग.

"तुम्हाला खऱ्यातलं लागतं ना कायतरी."

कापड हाताला कोमट लागले. खिशात होते म्हणून असेल. सुट्या भागांसाठी माझ्याकडे पारदर्शक झाकणांच्या डब्या आहेत, त्यातल्या एकीत ते घडी करून ठेवले.

शैला चादर ठेवायला आत गेल्यावर मी टेबलाशी बसलो. कूलर बंद होता. गोंदाची एकही बाटली उघडी नव्हती.

डबीचे झाकण आतून धुरकट झाले होते.

ते नीट बसले आहे ना, हे पाहण्यासाठी मी त्यावर अंगठा ठेवला.