दाराची आतली बाजू

न दिसणारे चित्र दुसऱ्याला दिसते करून देण्याचे व्रत जो घेतो, त्याच्यावर एक दायित्व न मागता येते. जे दिसेल ते अपेक्षेप्रमाणे नसले, तरी त्याने त्याकडे पाठ फिरवू नये. हे सांगायला सोपे आहे. एका सज्जन गृहस्थाला ते पाळण्याची वेळ शनिवारच्या स्वच्छ सकाळी, दुसऱ्या चहाच्या वेळी आली. आणि त्या माणसाने ते कसे पाळले, ते सांगण्यासारखे आहे.

हे गृहस्थ आयुष्यभर छायाचित्रे धुण्याच्या प्रयोगशाळेत राबले होते. निवृत्तीनंतर हातांना काम उरले नाही, तेव्हा ते जुन्या वस्तूंची दुरुस्ती करणाऱ्या हौशी मंडळींच्या एका मंचावर रमले. कोणाचे घड्याळ अडे, कोणाची शेगडी धुमसे, कोणाच्या पेटीचे झाकण बसेना. लोक तेथे धागा काढीत, फोटो जोडीत आणि जाणत्यांच्या प्रतिसादाची वाट पाहत. मात्र घड्याळाची कमान बसवणाऱ्या हातांनाही फोटो जोडणे साधत नसे. धागा उघडावा तर फोटोच्या जागी रिकामी चौकट आणि कोपऱ्यात फाटक्या कागदाचे इवलेसे चिन्ह. मग खाली ठरलेली आरोळी उठे, ‘फोटो दिसत नाही!’ आणि हाक जाई ती या गृहस्थांना. मंचाने त्यांचे नाव चित्रवैद्य ठेवले होते, धागे उघडे ठेवण्याचा नि मिटवण्याचा अधिकारही दिला होता, आणि ते नाव त्यांना मनापासून आवडत असे.

रोग बहुधा ठरलेले असत. फाइल अति जड, किंवा नव्या फोनची फोटो साठवण्याची रीत जुन्या मंचाला न उमगणारी, किंवा फोटोऐवजी त्याच्या पानाचाच पत्ता चिकटवलेला. चित्रवैद्य नाडी पाहावी तसे प्रश्न विचारीत आणि चौकट भरली की हर्षाने टेबलावर टिचकी मारीत. त्यांचा एक नियम मात्र कडक होता : आधी वर्णन, मग चित्र. फोटोत काय आहे ते सभासदाने प्रथम शब्दांत लिहायचे, म्हणजे दिसू लागलेले चित्र तेच आहे की नाही याची खात्री करता येई. हा नियम अनुभवातून आला होता. एकदा एका सभासदाच्या लंबकाच्या घड्याळाऐवजी त्याचे घोरणारे सासरे मंचावर अवतरले होते, आणि कुलूपकाका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या कारागिराने ‘तेल द्या, आवाज थांबेल’ असा प्रतिसाद गंभीरपणे दिला होता.

त्या शनिवारी खिडकीतून ऊन टेबलावर उतरले होते. चित्रवैद्यांच्या पत्नी, ज्यांनी रुग्णालयात परिचारिका म्हणून हयात घालवली होती, दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, “अहो, जगाचे फोटो दिसायला लागले. आपल्या न्हाणीघरातला दिवा कधी दिसणार?”

“आज नक्की,” ते म्हणाले, आणि नवा धागा उघडला.

धागा ‘धाकटी’ नावाच्या सभासद बाईंचा होता. त्यांनी लिहिले होते ते थोडक्यात असे. घरात त्या आणि त्यांची वृद्ध आई, एवढीच माणसे. आईच्या खोलीला लागून, पडवीत दार असलेली थोरल्या बहिणीची खोली. थोरली त्या खोलीत शिवणकाम करीत असे. एका दिवशी तिला रुग्णालयात नेले आणि ती तेथेच गेली. त्याच संध्याकाळी आईने खोलीला बाहेरून कुलूप घातले आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. पुष्कळ वर्षे लोटली. आता आईची दृष्टी मंदावली होती, श्वास अपुरा पडत होता, डॉक्टरांनी मनाची तयारी ठेवायला सांगितले होते, आणि आईने एकच धोशा लावला होता : ती माप घ्यायला खोळंबली आहे, दार उघड. आईसाठी एक झगा शिवायचा थोरलीने बेत केला होता आणि माप घ्यायचे राहून गेले होते, एवढेच धाकटीला आठवत होते.

किल्ली कुलपात बसत होती, फिरत होती, आतला खटका मागे सरकल्याचा आवाजही येत होता. दार मात्र उघडत नव्हते. सुतार आला, त्याने हातोड्याचा पहिला घाव घातला आणि आईने छाती धरली. दार फोडणे त्याच क्षणी बाद झाले. ‘आई आहे तोवर दार उघडायचे आहे,’ धाकटीने लिहिले होते, ‘आणि तिला घाव ऐकू न जाता. कुलपाचा फोटो जोडला आहे.’

जोडलेल्या फोटोच्या जागी रिकामी चौकट होती.

चित्रवैद्यांनी चष्मा पुसला. इतके महत्त्वाचे चित्र अडावे, आणि ते मोकळे करणे आपल्या हाती असावे, या जाणिवेने त्यांना तरुणासारखी हुशारी आली. त्यांनी नियमाप्रमाणे वर्णन मागितले. धाकटीने तत्परतेने लिहिले : तपकिरी दार, डाव्या हाताला पितळी मूठ, मुठीखाली पितळी पत्र्यात किल्लीचे छिद्र, चौकटीच्या खिळ्याला आईची काठी टांगलेली.

मग उपचार सुरू झाले. फाइल हलकी करवली, तिचे स्वरूप बदलवले, नावातली खोडकर चिन्हे काढायला लावली. प्रत्येक वेळी चौकट रिकामीच राही. बघ्यांची गर्दी वाढली. घड्याळवाले, शेगडीवाले आपापली कामे टाकून धाग्यावर येऊन बसले. स्वयंपाकघराच्या खिडकीचा फोटो जोडून पाहायला सांगितला, तो निमिषात उमटला. म्हणजे फोन नीट, मंच नीट, आणि अडला होता केवळ दाराचा फोटो. चित्रवैद्यांनी मूळ फाइल जशीच्या तशी मागवून घेतली, आपल्या संगणकावर तिची नव्याने प्रत केली आणि ती प्रत धाग्यात जोडली.

चौकट भरली. त्यांनी टिचकी मारण्यासाठी बोट उचलले, आणि ते तसेच राहिले.

दार होते. मूठ उजव्या हाताला होती. पितळी पत्रा नव्हता. त्या जागी कुलपाची लोखंडी पेटी चार स्क्रूंनी फळीवर बसवलेली होती. बिजागऱ्यांचे गुडघे स्पष्ट दिसत होते. काठी नव्हती. दारावरच्या एका खुंटीला शिंप्याची पिवळी मोजपट्टी लोंबत होती. प्रकाश मंद आणि करडा होता.

कुलूपकाकांचा प्रतिसाद सर्वांत आधी आला. “बाई, हा फोटो दाराच्या आतून काढलाय. तुम्ही आत गेलात कशा तेवढं सांगा, म्हणजे दार उघडायला आम्ही कशाला हवेत?”

हसण्याची चिन्हे धडाधड उमटली. चित्रवैद्य हसले नाहीत. त्यांनी फोटो उलटा केला, कारण काही फोन आरशातल्यासारखे चित्र टिपतात. मूठ डावीकडे गेली, पण लोखंडी पेटी लोखंडीच राहिली. त्यांनी फोटोच्या पोटातली माहिती वाचली : फोन धाकटीचाच, वेळ सकाळचीच. त्यांनी फोनमधला मूळ फोटो पुन्हा पाहून घ्यायला धाकटीला सांगितले. तिच्या हातातल्या पडद्यावर पितळी पत्रा आणि काठी होती. धाग्यात तिलाही लोखंडी पेटीच दिसत होती.

मग तिची एक ओळ आली. “ती मोजपट्टी थोरलीची आहे.”

असल्या धाग्याला थट्टा ठरवून कुलूप ठोकण्याचा मंचाचा रिवाज होता, आणि दोघातिघांनी तशी मागणी केलीच. धागा बंद झाला असता तर धाकटीचा शेवटचा मार्गही बंद झाला असता. आपल्याला भय किती वाटते आहे आणि आनंद किती, हे चित्रवैद्यांना ठरवता येईना. वर्णन एक आणि चित्र दुसरे, असा रुग्ण उभ्या जन्मात त्यांच्यापुढे आला नव्हता. त्यांनी लिहिले, “धागा उघडा राहील. ताई, काठी खाली काढून ठेवा आणि आणखी एक फोटो काढा. बाहेर उभ्या राहूनच.”

दुसरा फोटोही त्यांच्याच हातून जोडला गेला. तेच दार, तीच आतली बाजू. या खेपेला त्यांनी उजेड वाढवला.

दाराखालच्या फटीतून बाहेरच्या पडवीचा उजेड आत येत होता. त्या उजेडाच्या रेघेत शेजारीशेजारी दोन काळे ठिपके होते.

पत्नी मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या वाकून म्हणाल्या, “पाय आहेत ते. बाहेर कोणीतरी उभं आहे.”

बाहेर फोन धरून धाकटी उभी होती.

वाढलेल्या उजेडात आणखी एक वस्तू प्रकट झाली. कुलपाच्या पेटीच्या खूप खाली, गुडघ्याच्या उंचीवर, लाकडाची एक फिरती खिटी होती आणि ती चौकटीच्या खाचेत आडवी बसली होती. कुलूपकाकांचा नूर क्षणात पालटला. कोडे सुटल्याच्या आनंदात माणूस भुतालाही विसरतो. कुलूप पहिल्या दिवसापासून ठणठणीत आहे, त्यांनी लिहिले. दार अडवले आहे ते या खिटीने. पोलादी फूटपट्टी फटीत घाला, खिटीखाली आणा, हळूच वर उचला. घाव घालायचे कामच नाही.

मंच उचंबळला. घड्याळवाले पट्टीची जाडी सुचवू लागले, शेगडीवाले पट्टीला मेण चोळण्याचा सल्ला देऊ लागले. त्या कल्लोळात एका सभासदाने विचारले, की त्या खोलीला दुसरे दार आहे का. धाकटीने उत्तर दिले : दुसरे दार नाही, खिडकी आहे, तिला गज आहेत.

मग आईने बाहेरून कुलूप घातल्यावर आतली खिटी कोणी लावली, हे कोणीही विचारले नाही.

चित्रवैद्यांच्या मनात ते आले. आपण जाणत्या वयाचे आहोत, एका बाईला नको त्या दाराशी पाठवत तर नाही ना, असे वाटून त्यांनी पत्नीकडे पाहिले.

पत्नी म्हणाल्या, “शेवटाला आलेली माणसं मी खूप पाहिली. ती उगाच कोणाला बोलावत नाहीत. उघडू दे तिला.”

त्यांनी धाकटीला लिहिले, “ताई, आईला बरोबर घ्या. हात धरून ठेवा. मग उघडा.”

ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर चढले. चहावर साय धरली.

मग धाकटीचा प्रतिसाद आला. पट्टी फटीत जाताच, तिने उचलण्यापूर्वीच, खिटी वर गेली होती. खोली रिकामी होती. शिवणयंत्रावर, खुर्चीवर, जमिनीवर धूळ सारखी पसरली होती. तिच्यावर पाऊल नव्हते. आईने हात सोडवून घेतला. जिला चार पावलांसाठी काठी लागे, ती आई उंबऱ्याच्या आत नीट उभी राहिली, थोडा वेळ स्वस्थ राहिली आणि म्हणाली, “झालं बाई एकदाचं.” आणि हसली. आता ती शांत झोपली होती, श्वासही सरळ चालला होता.

‘आई आत उभी होती तेव्हाचा फोटो जोडते,’ धाकटीने लिहिले होते. ‘नियमाप्रमाणे आधी वर्णन : मी पडवीतून काढला आहे. आई पाठमोरी. पलीकडे यंत्र आणि खिडकी.’

हा फोटो कोणाच्याही मदतीवाचून, पहिल्या खेपेलाच उमटला.

उघड्या दाराच्या चौकटीत धाकटी उभी होती, तोंडासमोर फोन धरून. तिच्या पुढे आई होती, समोरून, मंद डोळे कोणाच्या तरी तोंडावर स्थिरावलेले, ओठांवर हसू.

आईने दोन्ही हात अंगापासून किंचित दूर धरले होते, शिंप्यापुढे धरतात तसे.

दारावरची खुंटी मोकळी होती. पिवळ्या मोजपट्टीचे एक टोक आईच्या खांद्यावर टेकले होते. दुसरे टोक ताणलेले, चित्राच्या कडेबाहेर, पाहणाऱ्याच्या दिशेने गेले होते.

“छान आलाय,” पत्नी म्हणाल्या. मग वाकून पाहत म्हणाल्या, “कोणी काढला?”

धागा मिटवण्यापूर्वी चित्रवैद्यांनी नेहमीप्रमाणे लिहिले, “चित्र दिसते आहे.” त्याखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, “तुम्हां दोघींचे कल्याण असो.” ती ओळ त्यांनी एकदा वाचली, पुन्हा फोटोकडे पाहिले, आणि तीतला एक शब्द हलक्या हाताने खोडून दुरुस्त केला.

“तुम्हां तिघींचे कल्याण असो.”