गॅलरीचा उजवा कोपरा

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल वाचू नये. हे ज्यांच्यावर बेतलं ते माझे सख्खे दाजी आहेत, आणि थापा मारण्याइतके ते हौशी नाहीत.

गेल्या दिवाळीतली गोष्ट. धनत्रयोदशीची संध्याकाळ, सात वाजून गेलेले. विश्रांतवाडीत तिसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट. दाजी आणि माझी ललिताताई तिथे राहायला येऊन जेमतेम चार महिने झाले होते.

दाजींचं नाव उत्तरेश्वर. मूळचे केजचे, चाकणला एका कंपनीत सुपरवायझर. दिवसभर माणसांवर ओरडायचं हेच काम. घरी आल्यावरही ते बंद व्हायचं नाही.

त्या आठवड्यात त्यांचा सगळा राग एका माळेवर होता.

धनत्रयोदशीच्या तीन दिवस आधी त्यांनी गॅलरीला दिव्यांची माळ लावली. बटण दाबलं, झगमगाट झाला. पाच मिनिटांनी उजव्या कोपऱ्यातले दिवे गेले.

फक्त तेवढेच. हातभर अंधार.

दाजींनी एकेक दिवा काढला, पुसला, दाबून बसवला. नखं दुखायला लागली. दिवे काही लागेनात. माळ ओरबाडून काढली आणि तडक खालिदच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात नेली. खालिदने पिन खोचली.

सगळे दिवे लागले.

"साहेब, माळ ठणठणीत आहे," खालिद म्हणाला. "आता भिंत बदलून बघा."

दाजी त्याच्याशी कचाकचा भांडले आणि दुसरी माळ घेऊनच घरी आले.

पाच मिनिटं चालली. मग… उजवा कोपरा गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ उलटी लावली. डावं टोक उजवीकडे. म्हणजे आता बिघाड डावीकडे दिसायला हवा होता.

नाही.

परत उजवाच कोपरा.

आणि त्या कोपऱ्यातून बारीक आवाज यायचा. टिक… टिक… कुणी नखाने दिवा चाचपून बघावा तसा.

"वायर तापते," दाजी म्हणाले.

धनत्रयोदशीला ते कंपनीतून आले ते भडकूनच. बूटही न काढता गॅलरीत स्टूल ठेवलं आणि चढले. स्टूल डुगडुगत होतं. ताई धरायला उभी राहिली.

"नीट धर. साधं स्टूल धरता येत नाही? दिवसभर करतेस काय घरात?"

असं बरंच. समोरच्या बिल्डिंगमधल्या दोन खिडक्या उघडल्या, इतकं.

मग स्टूल पुन्हा डुगडुगलं. दाजी कठड्याबाहेर वाकलेले, दोन्ही हात माळेत.

"धर म्हटलं ना!"

स्टूल एकदम घट्ट झालं.

दाजींचं तोंड चालूच. माळ, खालिद, ताई, ताईचं माहेर. आम्हालाही त्यांनी सोडलं नाही. एरवी ताई एक-दोन वाक्यं परत करते. आज अक्षर नाही.

"तोंडात गुळणी धरलीस का?"



पाठीवर एक तळवा टेकला. शर्टातूनही गार लागला.

"हात ओले घेऊन आलीस? पूस आधी."

तळवा तिथेच…

आणि उजव्या कोपऱ्यातले सगळे दिवे लागले.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दाजींनी एका हाताने काढला. ताईचा फोन.

"अहो, ऐका." तिचा आवाज अगदी हळू होता. "मागे वळू नका. बाजूने सावकाश खाली उतरा आणि घरात जा."

"तू कुठे आहेस?"

"खाली. गेटपाशी. मघाशीच चप्पल घालून निघून आले मी. तुमचं बोलणं ऐकवेना."

दाजी सांगतात, त्या क्षणापर्यंत त्यांना फक्त राग येत होता.

पाठीवरचा तळवा अजून होता.

ते बाजूने उतरले. जमिनीला पाय लागला आणि पाठ हलकी झाली. त्यांनी वळून बघितलं.

कुणी नव्हतं. गॅलरी रिकामी. स्टूल आपलं डुगडुगत होतं.

ते जिन्याने धावत खाली गेले. तळमजल्यावरच्या मालनबाईंनी ताईला धरून पायरीवर बसवलं होतं. दाजींना बघून त्या एवढंच म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात ना?"

मग त्यांनीच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तिथे प्रियदर्शनी आणि सौमित्र असं जोडपं राहायचं. दिवाळीत माळ लावताना स्टूल कलंडलं. बाई तिसऱ्या मजल्यावरून पडली, जागीच गेली.

दाजी त्याच पावली घरमालकाकडे गेले. "हे आधी सांगता येत नव्हतं?"

"आपण पाणी किती वाजता येतं ते विचारलंत," मालक म्हणाले. "ते मी सांगितलं."

शिव्या देऊन दाजींनी त्यांच्याकडून सौमित्रचा नंबर मिळवला. त्यालाही झाडायचं होतं त्यांना. सकाळी फोन लावला आणि सगळं ओरडूनच सांगितलं.

तो शांतपणे ऐकत होता. मग विचारलं, "दिवे लागले?"

"लागले."



"मी त्या दिवशी आत होतो, बटणापाशी," तो म्हणाला. "ती म्हणत होती, स्टूल हलतंय, जरा या. मी तिथूनच ओरडत होतो. गेलो नाही." मग तो म्हणाला, "तुम्ही कुणावर ओरडत होतात?"

दाजींनी फोन कट केला. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी घर सोडलं.

आता ते वारज्यात राहतात. आवाज बराच खाली आलाय. मधूनच म्हणतात, "बाई चांगली होती. मला सावरलं तिने. नाहीतर गेलोच होतो."

मागच्या महिन्यात मी ताईला एकटीला गाठून विचारलं. खालून तिला नक्की काय दिसलं होतं?

"बाई होती. यांच्या मागे. हात यांच्या पाठीवर."

"धरून होती ना?"

ताई भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"खालून तेच कळत नव्हतं," ती म्हणाली. "धरलंय की ढकलतेय."

हे तिने दाजींना अजून सांगितलेलं नाही.