डोळ्यांतला पिवळा ठिपका

"डाग काढून मिळंल का हितं?"

दारात कुणीतरी रेनकोट झटकत उभं होतं. फरशी मी नुकतीच पुसली होती, त्यामुळे कॉम्प्युटरवरची नजर न हलवता मी म्हटलं, "डाग लाँड्रीत काढतात. इथं फोटो काढतात."

"त्येच की. फोटोतला डाग."

मग मी मान वर केली... आणि जीभ चावली. त्याच्या डाव्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, भाजल्याची जुनी खूण होती. अगं आई गं! धरणी दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेले असते. पण तो चक्क हसत होता.

"लाँड्रीतबी इचारून बघतो," तो म्हणाला.

मी पायल. बेगडेवाडीची. लोणावळ्यात यशोधन सरांच्या स्टुडिओत सकाळी फोटोग्राफी आणि एडिटिंग शिकायचं, दुपारी काउंटर सांभाळायचं, असं माझं चाललं होतं. माझी जीभ तिखट, हे घरचे सांगतात. आणि तो विक्की. तिकोणा पेठेचा, पवनेच्या काठावर पर्यटकांचे तंबू लावायचा. लहानपणी अंगावर उकळतं पाणी सांडलं होतं, त्याची ती खूण. बहिणीनं त्याला स्थळांना पाठवायचा फोटो काढायला धाडलं होतं. आधीच्या फोटोवाल्यानं गाल घासूनपुसून गुळगुळीत करून दिला होता.

"फोटू बघून हो म्हणत्यात, तोंड बघून न्हाई म्हणत्यात," तो म्हणाला. "चहा गार व्हायच्या आत कळतं."

"कसं वाटतं?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"आपुनच कायतरी चोरी केलीय, असं वाटतं."

"मग परत तेच करून घ्यायला आलात? शहाणेच आहात! मी नाही पुसणार. जे आहे ते आहे."

सर तेव्हा नेमके आम्हाला प्रोजेक्ट देऊन बसले होते: एकच चेहरा, वेगवेगळ्या उजेडात. माझ्याकडे कॅमेरा होता, चेहरा नव्हता. मी सौदा केला. त्यानं माझ्या प्रोजेक्टसाठी उभं राहायचं, मी त्याला फुकट फोटो द्यायचा, खुणेसकट.

"आन तरीबी न्हाई म्हणाले तर?"

"तर त्यांना लाँड्रीत पाठवू."

असं सुरू झालं. इंदुरीच्या किल्ल्याच्या दारात तिरका उजेड, तंबूतल्या पिवळ्या दिव्याचा उजेड, धुक्यातला नुसता पांढरा उजेड. सुरुवातीला तो सारखा उजवा गाल पुढं करायचा. मी हनुवटीला धरून चेहरा फिरवायचे, आणि मग बोटं तिथंच राहिलीत हे माझ्या उशिरा लक्षात यायचं. 'मॅडम'ची पायल झाले, 'तुम्ही'चा तू झाला. कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

खरा फोटो पवनेच्या काठावर आला. पाऊस जरा थांबला होता, ढगाला भोक पडून ऊन आलं होतं. मी माझा पिवळा रेनकोट घालून मागं सरकत होते, मागं... मागं... आणि धप्पकन चिखलात! कॅमेरा तेवढा वर धरला. विक्की धावत निघाला, मग थबकला, आणि असा हसला... काळजीही त्यात होती आणि कौतुकही. मी बसल्या बसल्या बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी तो फोटो उघडला. सरांची शिकवण अशी, की एडिटिंगला बसलं की आधी डोळे बघायचे, मोठे करून. मी मोठे केले. दोन्ही बुबुळांत चिमुकला पिवळा ठिपका होता. चिखलात बसलेली मी होते ती.

सर मागून म्हणाले, "फोटोग्राफर डोळ्यांत दिसला तर काढून टाकायचा बरं का. फोटो त्यांचा असतो, आपला नाही."

"हो सर, काढते नंतर," मी म्हटलं, आणि फाइल बंद केली. माझे कान गरम झाले होते.

त्यानंतर तो दर आठवड्याला फोटोत खोट काढायला यायचा.

"कान मोठा दिसतोय."

"मोठाच आहे."

"आभाळ जरा निळं कर की."

"पावसाळ्यात? लोक म्हणतील नवरदेव दुबईचा दिसतोय."

"शर्ट..."

"शर्टाचं काय आता?"

"न्हाई, शर्ट बराय. पुढल्या आठवड्याला बघू."

फोटो दिला की येणं संपलं, हे त्यालाही कळत होतं, मलाही. म्हणून तो खोट काढत होता आणि मी वाद घालत होते. मला तो आवडत होता. फार आवडत होता. पण आधी त्यानं बोलावं, असं माझं चाललं होतं. आणि इतक्या दारांतून परत आलेला माणूस आणखी एका दाराशी जायला घाबरत असेल, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

एकदा मला सोडायला बेगडेवाडीपर्यंत आला. स्टेशनच्या बाकावर बसून चप्पल फरशीला घासत म्हणाला, "पायल... एक सांगू?"

"सांग ना."

"त्यो फोटू... इतक्यात देऊ नको कुणाला."

"का रे?"

"अजून नीट न्हाई आला."

"तूच नीट नाहीस, फोटो बिचारा काय करील!" मी म्हटलं. तो हसला आणि उठून गेला.

त्याच आठवड्यात त्याची बहीण, रेणुकाताई, स्टुडिओत आली. "जय भीम सर. आमच्या विक्कीचा फोटू कवा व्हायचा?" सरांना माझ्या कामाचा केवढा अभिमान! त्यांनी लगेच स्क्रीनवर उघडून दाखवला. ताईंनी पदर तोंडाला लावला. "डाग हाय तसा हाय... तरी किती देखणा दिसतोय गं माझा भाऊ."

"ताई, थोडं काम राहिलंय अजून," मी पुटपुटले.

"काही राहिलेलं नाही," सर म्हणाले. "आता हात लावशील तर बिघडवशील." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी फोटो ताईंच्या मोबाइलवर पाठवून दिला.

पुढच्या वेळी विक्की आला, तो खोट काढायला नव्हे. काउंटरला टेकून नुसता उभा राहिला.

"इंदुरीच्या पोरीनं हो म्हटलंय. सृष्टी नाव. डाग बघून हो म्हटलंय. मी गेलो तवाबी तिनं नजर चोरली न्हाई. चहा गार झाला तरी आमी बोलतच हुतो. आईनं घरात गोडाचं केलं."

"मग चांगलंच झालं की," मी म्हटलं. आवाज माझा वाटेना.

"पायल, तू फकस्त बोल. मी आत्ता जातो आन मोडून येतो."

देवाशपथ सांगते, 'जा' हा शब्द ओठांवर आला होता. त्याच्याकडून असं काही ऐकायला मी सगळा पावसाळा त्याच्या कानावरून आणि आभाळावरून वाद घालत बसले होते. पण त्या न बघितलेल्या पोरीच्या घरात कुणीतरी आत जाऊन तिला 'मोडलं' म्हणून सांगणार... आणि तिला वाटणार, आपणच काहीतरी चोरी केलीय.

"तिला काय सांगशील?" मी विचारलं.

तो काउंटरच्या कडेवरून बोट फिरवू लागला.

"नाही म्हटल्यावर कसं वाटतं, ते तूच मला सांगितलंयस, विक्की."

 त्यानं मान डोलावली. जाताना रेनकोट विसरला, परत आला, घेतला, आणि माझ्याकडे न बघता गेला.

लग्नानंतर दोघं स्टुडिओत आली. सृष्टी गोड होती, वाईट वाटावं इतकी गोड. तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा होता तिला.

"ताई, मैत्रिणी म्हणाल्या, डाग आहे. मी म्हटलं, आधी डोळे बघा की," ती म्हणाली. "पण घरी असे हसत नाहीत हो हे. तुम्ही कसं हसवलं? कुणाकडे बघतायत?"

विक्की दाराकडे तोंड करून रस्ता बघत होता.

"कॅमेऱ्याकडे," मी म्हटलं. "मी चिखलात घसरले, म्हणून ते हसले. तुम्हीही एकदा घसरून बघा."

ती खळखळून हसली. मग वाकून स्क्रीनजवळ गेली. "हे डोळ्यांत पिवळं काय दिसतंय?"

"काही नाही, उजेड पडलाय. मोठ्या प्रिंटला दिसेल, मी काढते."

"ऱ्हाऊ दे," विक्की दारातूनच म्हणाला. मागं वळलाही नाही. "जे हाय ते हाय."

ती दोघं गेल्यावर मी दार लोटून घेतलं. फोटो उघडला, डोळे मोठे केले. रडले. हो, भरपूर रडले. मग नाक पुसून स्क्रीनवरचा ब्रश घेतला. आधी डावा डोळा, मग उजवा. पिवळं गेलं, नुसता उजेड राहिला.

गालावरच्या खुणेला हात लावला नाही. तिनं तीच बघून हो म्हटलं होतं. फोटो प्रिंटला पाठवला आणि काउंटरवर येऊन बसले.