अठ्ठावीस जणांची साखळी

देवासच्या मालधक्क्याला वर्षांपूर्वी आगीत सापडलेला एक जुना डबा लावलेला होता. अपघातात प्रवाशांनीच प्रवाशांना बाहेर कसं काढायचं, हे नीरजा त्यात शिकवायची. दिवे बंद करून वाफेचा पांढरा धूर सोडायचा. मागच्याने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि साखळी न तोडता दाराबाहेर पडायचं. ‘माझ्यामागे कोणी नाही,’ हे शेवटच्याने मोठ्यानं सांगायचं. ते ऐकल्याशिवाय नीरजा डबा रिकामा झाल्याच्या कागदावर सही करत नसे.

आजचा वर्ग शेवटचा. पाच वाजता डबा भंगारात निघणार होता.

अठ्ठावीस जण चढले, अठ्ठावीस उतरले. शेवटी कारखान्यातला प्रणव होता. तो काहीच बोलला नाही. नीरजानं कारण विचारलं.

"कसं सांगू, ताई? मागे कोणीतरी होतं ना. दारापाशी खांद्यावरचा हात सुटला."

लोकांनी त्याला यथेच्छ चिडवलं. नीरजानं सराव पुन्हा घेतला आणि या वेळी शेवटी निवृत्त शिक्षिका शशिकलाबाईंना ठेवलं. त्या कधी थट्टा करत नसत. त्याही गप्पच उतरल्या. त्यांच्या पांढऱ्या पदरावर, खांद्यापाशी, काजळीची पाच बोटं उमटली होती.

वाफेची काजळी धरत नाही.

उतरणाऱ्यांची मोजदाद करणारे दत्ताजी जुने रेल्वेवाले. इंजिन जोडायला आलं होतं. ते म्हणाले, "बाई, गिनती बराबर आहे. डबा खाली है. सही करून टाका."

"मागे कोणी नाही, असं कोणी सांगितलंय का?"

दत्ताजींनी कागद खाली घेतला.

नीरजा एकटीच आत गेली. थेट टोकाच्या बाकापर्यंत जाऊन ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. धूर विरला होता. बाक रिकामे होते.

"चला," ती म्हणाली. "घाई नको. कोणी मागे राहायचं नाही."

खांद्यावर हात आला. हलका. बांगड्या किणकिणल्या.

ती वळली नाही. शिकवायची तशीच पाय घासत चालू लागली. मागून फळ्या करकरू लागल्या, आधी जवळच्या, मग लांबच्या.

इंजिनानं शिटी दिली. तिनं पाऊल उचललं नाही, घासतच राहिली.

दार. पायरी. खांदा मोकळा झाला.

धक्क्यावर दत्ताजींनी दोन्ही हात पसरून लोकांना मागे सारलं, दारापुढे जागा केली. थोड्या वेळानं ती पुरेना, तेव्हा त्यांनी सगळ्यांना आणखी मागे घेतलं.