सदा फुगलेली पिशवी

"आज दुधनीला जायचं ठरलं होतं ना?" केदार कुरकुरला. "बोटीत बसायचं, गरम भजी खायची..."

"भजी नंतर!" मृणालने भावाला दटावलं. "सोनमने सकाळपासून तीन फोन केलेत. उगाच करेल का ती?"

सिल्वासाहून सुरंगीपर्यंत सायकल मारून दोघांच्या पायांचे तुकडे पडले होते. सकाळचे नऊ वाजत होते, दिवाळीची सुट्टी होती, तरी ऊन मात्र मे महिन्याचं! आणि एवढं करून पोहोचायचं कुठे, तर या विमानतळावर. एक धावपट्टी, एक पत्र्याची खोली, सामान तोलायचा काटा, लाल वाळूच्या चार बादल्या आणि एक आळशी नळ. संपला विमानतळ! तो कधी आणि कशाला बांधला, हेही कुणाला धड माहीत नव्हतं. कुणी म्हणे धरणाच्या वेळी साहेबलोकांसाठी, कुणी म्हणे शेतांवर औषध फवारणाऱ्या विमानांसाठी. आता आठवड्यातून दोनदा सहा माणसांचं एक छोटं विमान यायचं, तेही दमल्यासारखं.

त्यांची मैत्रीण सोनम फाटकातच उभी होती. तिचे वडील झुंबरकाका इथले रखवालदार. ते लांब धावपट्टीच्या टोकाला काठी टेकून उभे होते.

"मंगळवारी सकाळी विमान थांबलंच नाही!" सोनम एका दमात सांगू लागली. "पट्टी संपली तरी पुढेच! पार पश्चिमेच्या शेतात! कुणाला लागलं नाही, पण इथले व्यवस्थापक मंगेशसाहेब म्हणतात, आबांनी पट्टीवर पेंढा पडू दिला, त्यावरून चाकं घसरली. उद्या चौकशी आहे. आबांची नोकरी गेली की ही खोलीही जाणार. मग आम्ही परत नंदुरबारला. माझी शाळा सुटणार!"

"आणि काका तिकडे काय करतायत?"

"शिक्षा! मंगळवारपासून दिवसाची आणि रात्रीची, दोन्ही पाळ्या त्यांच्याच. गुरं हाकत उभं राहायचं."

मुलं जवळ गेली. झुंबरकाकांचे डोळे लाल झाले होते. मुलांना पाहून ते हसले, पण ते हसूही अर्ध्यावरच थांबलं.

"जाऊ दे बेटा. आते थकी गऊ मी."

थकून गेलो, असं आबा आपल्या अहिराणीत म्हणाले, तशी सोनमच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिला फार वाईट वाटलं, आणि रागही आला!

कुंपणापलीकडे जयामावशी भात उफणत होत्या. सूप उंच धरून त्या भात खाली सोडत. दाणे पायाशी पडत आणि फोलपटं वाऱ्याबरोबर पश्चिमेला उडत. मृणाल बघत राहिली. मग तिने वर खांबावरच्या कापडी पिशवीकडे पाहिलं.

"अरे, हे काय! फोलपटं पश्चिमेला, आणि पिशवीचं शेपूट पूर्वेला?"

इथे विमानाला वारा सांगणारं दुसरं काही नव्हतं. खांबावरची कापडी पिशवी जिकडे उडेल तिकडे वारा जातोय असं समजायचं, आणि वाऱ्याकडे तोंड करून उतरायचं.

"म्हणजे वैमानिकाला वाटलं, वारा समोरून आहे," केदार ताडकन म्हणाला, "आणि तो होता पाठीमागून! ढकलतच नेलं असणार वाऱ्याने विमान!"

"वारा सकाळचा डोंगराकडनं येतो, पोरांनो," जयामावशी म्हणाल्या. "दुपारी फिरतो. आम्हाला ठावं असतं. नाय तर भुसा डोळ्यांत जाईल ना!"

मुलं दुपारपर्यंत घामाच्या धारा पुसत बसून राहिली. वारा फिरला, फोलपटं पूर्वेला उडू लागली. पिशवी तसूभर हलली नाही!

"आता मंगेशसाहेबांना विचारू," सोनम म्हणाली.

"विचारायचं नाही, वेडाबाई. कौतुक करायचं!" केदारने डोळे मिचकावले.

व्यवस्थापक मंगेशसाहेब पंख्याखाली चहा पीत होते.

"साहेब, तुमची पिशवी काय मस्त फुगलीय! आमच्या शाळेचा झेंडा नुसता लोंबत असतो."

साहेब खुशीत आले. "नवी आहे! दिवाळीआधी पाहुणे येणार होते. लोंबणारी पिशवी फोटोत बरी दिसते का? आत तारेची कडी घातली, खांबाला आवळून बांधली. पिशवीवरचं विमानतळाचं नाव फाटकातून वाचता आलं पाहिजे ना!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. वारा दाखवणाऱ्या पिशवीची साहेबांनी पाटी करून टाकली होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला चौकशी अधिकारी मंगलाबाई आल्या. मुलं बोलायला पुढे झाली, तर साहेबांनी त्यांना हुसकलं.

"पेंढाच कारण, मॅडम! वारा तर समोरून होता. आत्ताही बघा ना, पिशवी तेच सांगतेय."

"जयामावशी, आता!" मृणाल ओरडली.

कुंपणापलीकडे मावशींनी सूप उंच धरलं. भुर्रकन उडालेली फोलपटं थेट पश्चिमेला, कुंपणालगत उभ्या साहेबांच्या केसांत, मिशांत आणि चहात!

"मग खोटं कोण बोलतंय, मॅडम? भात की पिशवी?" सोनमने विचारलं. तिने तारेची सगळी हकिकत सांगितली. कर्मचाऱ्यांनी शिडी आणली, पिशवी खाली आली, आतली कडी खणखणली. साहेबांची मान खाली गेली.

"तुम्हाला नव्हतं दिसलं हे?" मंगलाबाईंनी कर्मचाऱ्यांना विचारलं. जो तो शिडी उचलायला वळला.

मग त्या मुलांकडे वळल्या. "शाब्बास! पुढच्या विमानातली माणसं तुमच्यामुळे सुखरूप उतरतील." त्यांनी झुंबरकाकांना नमस्कार केला. "काका, तुमची काहीच चूक नव्हती. नोकरी तुमची, खोली तुमची. उद्यापासून नेहमीसारखे कामावर या."

काका काठीवर रेलले.

"मॅडम, परवा येतो," ते म्हणाले. "उद्या झोपतो."